घरचं रक्त

"बाह्या वर करा रे सगळ्यांनी!"

आप्पासाहेब ढमाळांनी आरोळी ठोकली आणि माझ्या रक्तपेढीच्या दारात गर्दी करून उभ्या असलेल्या पोरांनी एकदम बाह्या वर सारल्या. ही कवायत बघायला मी टेबलामागून उठून बाहेर आले. दूध संघाच्या जीपगाड्या आवारात आडव्यातिडव्या लावलेल्या, त्यांच्यामागे मोटारसायकलींची रांग, आणि सगळ्यांच्या पुढे आप्पासाहेब. कडक पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, मिशीला पीळ. माणूस आजारी बायकोसाठी आलाय की उमेदवारी अर्ज भरायला, ते चटकन कळेना.

"डॉक्टरीणबाई, किती पाहिजे तेवढं बोला. सगळं घरचं रक्त आहे, ढमाळांचं. बाहेरचा एक थेंब घ्यायचा नाही."

"दोन बाटल्या लागतील," मी म्हटलं. "तपासून घेईन."

"तपासायचंय काय त्यात? घरचंच आहे म्हणतो ना!"

"तुमच्या संघात सख्ख्या भावानं दुधाचा कॅन आणला, तर न तपासता घेता?"

"छ्या! भावाचा तर आधी तपासतो."

"मग झालं तर. बसा तिकडे बाकावर."

आप्पासाहेब बसले नाहीत. दूध संघाचे अध्यक्ष झाल्यापासून ते लाकडी बाकावर बसत नसत, असं मला मागाहून कळलं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा तालुक्याच्या गावी एका ट्रस्टच्या इस्पितळात रक्तपेढीची डॉक्टर होते. एरवी रक्तदाते मिळवायचे म्हणजे मला लोकांच्या पाया पडावं लागे. सुई बघून पळालेले पैलवान मी पाहिलेत. आणि त्या दिवशी बघावं तर अख्खी भावकी दारात! जीव हरखायला हवा होता माझा. पण मला आपली शंकाच आली.

आप्पासाहेबांची बायको, शालनवहिनी, वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात पडून होत्या. वर्षभर अंगावरून जात होतं. पण आधी थोरल्याचं लग्न निघालं, मग संघाची निवडणूक, मग विजयाच्या जेवणावळी. बाईला आजारी पडायला सवडच मिळाली नाही. शेवटी नवऱ्याच्या सत्काराच्या पंगतीत वाढता वाढता जिलब्यांच्या परातीसकट कोसळल्या. नखं पांढरीफटक, डोळ्याची पापणी उलटून बघितली तर आत लाल असं काही उरलेलंच नाही. गर्भपिशवी काढल्याशिवाय रक्त थांबणार नव्हतं, आणि रक्त चढवल्याशिवाय भूल द्यायला कोणी धजणार नव्हतं. "दोन बाटल्या हातात आल्याशिवाय मी चाकू लावत नाही, आणि उद्यापर्यंत चाकू लावला नाही तर बाई हातची जाते," असं आमचे सर्जन डॉ. श्रोत्री मला सांगून गेले होते. म्हणजे सगळं घोडं माझ्याच दारात अडलेलं.

वहिनींचा गट ओ पॉझिटिव्ह. तिन्ही मुलगे ओ पॉझिटिव्ह. आप्पासाहेब स्वतः ओ पॉझिटिव्ह. भावकीतलीही निम्मी पोरं तीच निघाली. बाहेर जल्लोष. कोणीतरी जीपमधून पेढे काढले.

आता रक्तगट जुळला म्हणजे रक्त जुळलं असं भल्याभल्यांना वाटतं. पण गट जुळणं म्हणजे नुसतं आडनाव जुळणं. माणूस आतून कसा आहे ते पुढे कळतं.

माझ्या तंत्रज्ञ आवळेबाई कामाला लागल्या. हाताला चपळ आणि तोंडाला त्याहून चपळ बाई. वहिनींच्या रक्तातलं वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, त्यांनी एका काचेच्या नळीत घेतलं, त्यात थोरल्या मुलाच्या, धैर्यशीलच्या, रक्तपेशी घातल्या, यंत्रात फिरवलं आणि उजेडाकडे धरलं. स्वच्छ. कुठे गुठळी नाही.

तेवढ्यात डॉ. श्रोत्री डोकावले. "जुळलं ना? चला, द्या बाटली."

"ही पहिली पायरी झाली. कूम्ब्स व्हायचीय अजून."

"अहो बाई, पेशंट मरायला टेकलाय आणि तुम्ही नळ्या काय धुत बसताय!"

"न धुता दिली तर टेकलेला पेशंट आपण दोघं मिळून ढकलू. जा, चहा प्या."

गेले पाय आपटत. सर्जन लोकांना रक्त म्हणजे नळाचं पाणी वाटतं. तोटी फिरवली की आलं पाहिजे.

कूम्ब्सची भानगड अशी, की काही अँटीबॉडी रक्तात असतात, परक्या पेशीवर जाऊन चिकटतातही, पण तोंड उघडत नाहीत. नुसतं बघून पत्ता लागत नाही. म्हणून ती नळी अंगाच्या उबेइतक्या गरम पाण्यात ठेवायची. मग पेशी मिठाच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायच्या, म्हणजे इकडचं तिकडचं सगळं वाहून जातं आणि जे खरोखर चिकटलंय तेवढंच उरतं. त्यावर कूम्ब्सचं औषध घालायचं. ते घातलं की इतका वेळ गप्प बसलेलं बोलायला लागतं. पेशी एकमेकींना धरतात, गुठळी होते. तसलं रक्त चढवलं तर तीच झुंज माणसाच्या अंगात लागते. पेशी फुटतात, कावीळ होते, मूत्रपिंडं बसतात.

आवळेबाईंनी धुतलं, औषध घातलं, फिरवलं, नळी हलवली. तळाशी लाल गोळा. हलवला तरी सुटेना.

"मॅडम, थोरल्याचं नाही जमत."

"मधल्याचं बघा."

मधल्याचं जमलं नाही. धाकट्याचंही नाही. खुद्द आप्पासाहेबांचं नाही. मग एकेक चुलतभाऊ, पुतण्या, चुलतपुतण्या, असं करत भावकीतला प्रत्येक ओ पॉझिटिव्ह आम्ही तपासला. कुठे मोठी गुठळी, कुठे बारीक, पण सुटला कोणी नाही. आवळेबाईंनी नळ्यांची रांग माझ्यापुढे सरकवली.

"मॅडम, ही बाई अख्ख्या ढमाळांवर उठलीय बघा."

मी वर वॉर्डात गेले. अशा बाईला विचारायचे दोनच प्रश्न असतात: आधी कधी रक्त चढवलंय का, आणि बाळंतपणं किती. आप्पासाहेब माझ्या मागोमाग आलेच.

"वहिनी, बाळंतपणं किती झाली?"

"तीन," आप्पासाहेब म्हणाले. "तिन्ही मुलगे."

"आधी कधी रक्त चढवलंय?"

"नाही. आमच्या घरात कोणाला गरज पडली नाही कधी."

"आप्पासाहेब, मला यांना तपासायचंय. जरा बाहेर थांबता?"

तपासायचं काही नव्हतं. दार लोटून घेतलं आणि स्टूल ओढून बसले. शालनवहिनींनी डोळे उघडले. बोलायचं तर धाप लागत होती, पण बोलायची इच्छा होती, हे दिसत होतं.

"पाच," त्या म्हणाल्या.

"पाच?"

"तीन पोरांच्या पाठीवर दोन पोरी झाल्या मला. जल्मल्या तवा गुटगुटीत. दुसऱ्या दिशी बघावं तर हळद लावल्यागत पिवळ्याधमक. दोघी तशाच गेल्या. पहिलीचं नावबी ठिवलं न्हवतं. सासूबाई म्हणायच्या, पिसाळांच्या घरची कावीळ घिऊन आलीस, आमच्या घरात पसरू नगंस. पिसाळ म्हंजी माझं माह्यार. मग मला काई दिस चुलीपाशी येऊ दिलं न्हाई."

"आणि आप्पासाहेब काय म्हणायचे?"

"त्ये कशाला काय म्हंतील? त्येंनी मोजल्याच न्हाईत त्या."

मला त्या क्षणी इतका संताप आला, की बाहेर जाऊन त्या पीळ दिलेल्या मिशीला धरून ओढावं. पण आमच्या धंद्यात तसं करता येत नाही. मी नुसती उठले.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी आप्पासाहेबांचा चुलतभाऊ बापू त्यांच्या कानाला लागला होता. ढमाळांचे निम्मे निर्णय या बापूच्या कुजबुजीतून होत. कुजबुजही अशी, की खालच्या मजल्यावर ऐकू जावी.

"आप्पा, कुणाला सांगू नगा, पण मला एक कळंना. पोरांचं रगत आईला लागत न्हाई, म्हंजी काय? गावात काय सांगायचं?"

"काय सांगायचं म्हणजे?"

"न्हाई, मी काय म्हंत न्हाई. पर लोक म्हंत्यात. ही पोरं..."

आप्पासाहेबांनी खाली आवारात उभ्या असलेल्या आपल्या तिन्ही मुलग्यांकडे बघितलं. एकेकाच्या नाकावरून, कपाळावरून, कानांवरून नजर फिरवली. जन्मभर ज्या बाईनं यांच्या पंगती वाढल्या, ती वर जीव मुठीत धरून पडलीय, आणि हे गृहस्थ जिन्यात उभे राहून मुलांची नाकं तपासतायत!

"आप्पासाहेब!" मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की जिन्याखालची पोरं वर बघायला लागली. बरंच झालं. सगळ्यांनीच ऐकावं असं होतं. "इकडे बघा. मुलं तुमची नाहीत म्हणून रक्त जुळत नाही, असं आहे का मनात? अहो, मुलं तुमचीच आहेत, शंभर टक्के तुमची, म्हणून तर जुळत नाही!"

"म्हणजे?"

"मूल पोटात असताना त्याच्या रक्ताचा अंश आईच्या रक्तात उतरतो. त्या रक्तावर बापाकडून आलेल्या खुणा असतात. आईच्या अंगाला त्या परक्या. अंग त्या खुणा ओळखून ठेवतं, आणि परत दिसल्या की त्यांच्यावर धावून जातं. यांच्या अंगात ज्या अँटीबॉडी आहेत, त्या तुमच्याकडून मुलांत आलेल्या खुणांवरच्या आहेत. तुमच्या नळीत गुठळी, तीच तिघांच्या नळीत. याहून आणखी पुरावा हवा असेल, तर बापूंना विचारा."

बापूला एकाएकी खाली काहीतरी काम आठवलं.

"आणि तुमच्या दोन मुली," मी म्हटलं.

"कोणत्या मुली?"

"ज्या पिवळ्या होऊन गेल्या. ती पिसाळांची कावीळ नव्हती. आईच्या अंगातल्या याच अँटीबॉडी वारेतून त्यांच्यापर्यंत पोचल्या असणार, आणि तुमच्याकडून आलेल्या खुणांवर तुटून पडल्या असणार. दोष कोणाचाच नाही. पण बोल एकटीलाच लागला."

आप्पासाहेबांनी खिशातली पेनं सरळ केली. धैर्यशील मात्र जिना चढून वर आला आणि आईच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. त्या पोरालाही बहिणी होत्या हे त्या दिवशीच कळलं बहुतेक.

नेमक्या कोणत्या अँटीबॉडी, ते शोधायला नमुना पुण्याला पाठवायला हवा होता. तेवढा वेळ बाईकडे नव्हता. मग आम्ही फ्रीज रिकामा केला. ओ गटाची प्रत्येक बाटली काढून तपासली. एक स्वच्छ निघाली. एकच.

ती बाटली मी वर पाठवायला काढली तर आप्पासाहेब आडवे.

"ही कोणाची?"

"बाटलीवर नंबर असतो. नाव नसतं."

"पण गाव? घराणं? काहीतरी कळेल ना?"

"आम्ही रक्त देतो, आप्पासाहेब. सोयरीक जुळवत नाही."

आवळेबाईंना खोकल्याची उबळ आली. बाटली वर गेली. वहिनींना थोडी धुगधुगी आली, पण श्रोत्री हटून बसले: दुसरी हाताशी असल्याशिवाय चाकू नाही. यावेळी त्यांचं खरं होतं.

"बापाकडच्या खुणा चालत नाहीत ना," मी धैर्यशीलला म्हटलं, "मग आईच्या आईबापांकडच्या बघायच्या. आईला सख्खा भाऊ आहे?"

धैर्यशीलनं वडलांकडे बघितलं. वडील भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"आहे," तो म्हणाला. "निवृत्तीमामा. पण..."

"पण काय?"

"माझ्या लग्नात मामानं आप्पांना आहेराचं धोतर आणलं. साधं होतं. आप्पा भर मांडवात म्हणाले, दुधाच्या गाड्या पुसायला चालंल. मामा भरल्या पानावरून उठून गेला. त्यावर आप्पांनी शपथ घेतली, की पिसाळांच्या घरचा पाण्याचा थेंब ढमाळांच्या घरात येणार नाही म्हणून. तेव्हापासून येणंजाणं बंद."

मी आप्पासाहेबांकडे वळले. "ऐकलंत? आता काय करायचं?"

"दुसरं कुठून बघा. मुंबईहून मागवा, जीप पाठवतो."

"मुंबईहून येईपर्यंत जीप कशाला लागेल ते सांगू का?"

"डॉक्टरीणबाई, तुम्हाला आमच्यातलं कळायचं नाही. शब्द दिलेला आहे. चार माणसांसमोर."

"मग पाचव्या माणसाला विचारू."

मी वर गेले. धैर्यशील बरोबर होता, आणि यावेळी आप्पासाहेबांना मी बाहेर काढलं नाही. वहिनींना सगळं सांगितलं, मुलींचं सुद्धा. मुलींचं आलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"म्हंजी माझ्या घरची कावीळ न्हवती ती?"

"नव्हती."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मनगट सोडलं, डोळे पुसले आणि नवऱ्याकडे न बघता मुलाला म्हणाल्या, "धैर्या, जा. दादाला आण."

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. धैर्यशील मोटारसायकलच्या किल्ल्या घेऊन जिना उतरलासुद्धा.

निवृत्ती पिसाळ आले ते मोटारसायकलवर मागे बसून, हातात पितळी फिरकीचा तांब्या धरून. खड्ड्याखड्ड्यातून तांब्या सांभाळत आलेला माणूस. धोतर, कोपरी, डोक्याला मळका पटका.

"आमच्या हिरीचं पाणी हाय," ते मला म्हणाले. "लहानपणी ताप आला की ह्येच मागायची. देऊ का तिला?"

"आत्ता नाही, ऑपरेशन आहे. आधी तुमचं रक्त देऊ."

"घ्या की. सगळंच घ्या."

त्यांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं नाही, आप्पासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण ज्या बाकावर मेहुणा बसला, त्याच्या शेजारी, आमच्या तपासणीच्या खोलीच्या काचेपलीकडे, आप्पासाहेब नळ्या दिसतील असे येऊन उभे राहिले. दिवसभरात त्यांना एवढं कळलं होतं: गुठळी झाली की नापास.

गट जुळला. पहिली पायरी स्वच्छ. ऊब दिली, धुतलं, धुतलं, परत धुतलं. औषध घातलं. आवळेबाईंनी नळी हलवली.

स्वच्छ. लाल पेशी धुरळ्यासारख्या मोकळ्या उठल्या. गुठळीचा कण नाही.

पण आमच्यात 'स्वच्छ' दिसलं म्हणून स्वच्छ मानत नाहीत. धुताना चूक झाली, औषध मेलेलं निघालं, तरी नळी स्वच्छच दिसते. म्हणून स्वच्छ नळीत शेवटी मुद्दाम अशा पेशी घालायच्या, की औषध जिवंत असेल तर त्यांची गुठळी व्हायलाच हवी. ती झाली की समजायचं, आधीचं 'स्वच्छ' खरं. आवळेबाईंनी त्या पेशी घातल्या, फिरवलं, नळी उजेडाकडे धरली.

तळाशी झकास लाल गुठळी.

आणि काचेपलीकडून आप्पासाहेब ओरडले, "झाली! बघा, झाली! याचंही जमत नाही!"

हसत होते हो ते. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मिशीच्या दोन्ही टोकांपर्यंत हसू. बायकोचा जीव वाचवायची शेवटची बाटली हातची गेली असं त्यांना वाटलं, आणि त्या माणसाच्या तोंडातून जो आवाज निघाला तो निवडणूक जिंकल्याचा होता.

बाकावर निवृत्तीदादांनी मान खाली घातली. धैर्यशील बापाकडे बघतच राहिला. भावकीतली पोरंसुद्धा एकमेकांची तोंडं चुकवायला लागली. मी सावकाश बाहेर आले.

"आप्पासाहेब, ही गुठळी व्हायलाच हवी होती. ती झाली म्हणूनच रक्त जुळलं. अभिनंदन. तुमची बायको वाचते आहे."

हसू चेहऱ्यावरून काढायला त्यांना थोडा वेळ लागला. ते काढून कुठे ठेवावं तेही त्यांना कळेना.

"आप्पा," धैर्यशील म्हणाला, "तुम्ही हसलात."

"मी कुठे हसलो?"

"सगळ्यांनी बघितलंय."

तो एवढंच बोलला आणि मामाच्या पाया पडला. त्याच्या मागोमाग मधला पडला, मग धाकटा. निवृत्तीदादांची धांदल उडाली, एका हातात तांब्या आणि एक हात आवळेबाईंनी सुईसाठी धरलेला.

रक्त काढून झालं, बाटली वर जायला निघाली, तेव्हा आप्पासाहेब हळूच माझ्याजवळ आले. आवाज एकदम मवाळ.

"डॉक्टरीणबाई, मघाशी म्हणालात ते खरं ना? बाटलीवर नाव नसतं?"

"नसतं. नंबर असतो."

"हां. म्हणजे कोणाचं रक्त गेलं, ते कोणाला सांगता यायचं नाही."

"नाही."

"मग हरकत नाही," असं म्हणून त्यांनी मोठ्या मनानं परवानगी दिली. मी हात जोडले. दुसरं काय करणार?

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. शालनवहिनींच्या ओठांना रंग आला, मग जेवायला लागल्या, मग वॉर्डातल्या आयांवर डाफरायला लागल्या. बाई बरी झाल्याची खूण दुसरी नाही. मी त्यांच्या पर्समध्ये या अँटीबॉडींची नोंद केलेलं एक कार्ड घातलं, पुढे कधी रक्त लागलं तर डॉक्टरांना आधी दाखवायचं म्हणून बजावलं.

घरी जायच्या दिवशी आवारात पुन्हा जीपा, पुन्हा भावकी. आप्पासाहेबांनी हारतुऱ्यांची तयारी करून आणलेली. स्वतःच्या गळ्यात एक आधीच पडलेला. निवृत्तीदादा कडेला पिंपळाखाली उभे, हातात तोच तांब्या, नव्यानं भरून आणलेला. मी आणि आवळेबाई पायरीवर थांबलो होतो.

वहिनी मुलाच्या आधारानं पायऱ्या उतरल्या. आप्पासाहेबांनी जीपचं दार उघडलं.

"बस."

त्या बसल्या नाहीत.

"एक इचारायचं हाय," त्या म्हणाल्या. आवाज अजून बारीकच होता, पण आवार चिडीचूप झालं. "माझ्या अंगात दादाचं रगत हाय. बाटलीभर. थेंब न्हाई, बाटलीभर. पिसाळांच्या घरचा थेंब ढमाळांच्या घरात येणार न्हाई म्हणाला हुता तुमी. मग मी घरात यायचं का न्हाई?"

"अगं, इथं कशाला ते..."

"चार माणसांत बोलला हुता. चार माणसांतच सांगा."

आप्पासाहेबांनी बापूकडे पाहिलं. बापू टायरची हवा बघत होता.

वहिनींनी भावाला हाक मारली. निवृत्तीदादा बिचकत पुढे आले. वहिनींनी तांब्या घेतला, फिरकी काढली, झाकणात पाणी ओतलं आणि नवऱ्यापुढे धरलं.

"प्या. मग मला कळंल."

आप्पासाहेबांच्या गळ्यातला हार वर-खाली व्हायला लागला. त्यांनी पोरांकडे बघितलं, भावकीकडे बघितलं. मुलगे तिघंही आईच्या बाजूला उभे होते. सुटकेची एकही वाट दिसेना, तेव्हा त्यांनी झाकणातल्या पाण्याकडे निरखून पाहिलं आणि अध्यक्षांच्या आवाजात विचारलं, "पाणी उकळलेलं आहे का?"

मला राहवेना.

"तपासून देऊ का, आप्पासाहेब?" मी पायरीवरून विचारलं. "पण वेळ लागेल हं. धुवायला लागतं पुन्हा पुन्हा."

भावकीत पहिल्यांदा कोण हसलं कुणास ठाऊक. पण एकदा फुटलं ते थांबेना.

आप्पासाहेब प्यायले. एका दमात, डोळे मिटून, एरंडेल घेतल्यासारखं तोंड करून. वहिनींनी झाकण परत घेतलं, तांब्याला घट्ट बसवलं आणि तांब्या भावाच्या हातात दिला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता मी दादाकडं चाललीय. अंगात ताकद येस्तोवर ऱ्हाईन. मग न्यायला या. पर रीतीनं या, समद्यांना आहेर घिऊन या. आन् दादाचं धोतर चांगलं आणा. माझ्या भावाकडं पुसायला गाड्या न्हाईत."

धैर्यशीलनं जीपचं दार लावलं, ड्रायव्हरला खाली उतरवलं आणि आई, मामा नि तांब्या यांना बसवून जीप पिसाळांच्या वस्तीकडे वळवली. उरलेल्या जीपा नि मोटारसायकली घेऊन भावकीही पांगली. आप्पासाहेब गळ्यात हार घालून आवारात उभे होते. त्यांना न्यायला बापूची मोटारसायकल तेवढी उरली होती.